जुन्या स्पोर्ट्स कारचे हेडलाइट: घासायचे, उघडायचे की बदलायचे?

वीस-पंचवीस वर्षांच्या स्पोर्ट्स कारचा उजेड कमी वाटू लागला की पहिला हात बल्बकडे जातो. नवा बल्ब येतो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तीच तक्रार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! उजेड बहुतेक वेळा वायरिंगमध्ये, काचेत किंवा रिफ्लेक्टरवर हरवलेला असतो. त्यामुळे आधी तो कुठे हरवतोय ते मोजायचं आणि मगच हेडलाइट उघडायचा का, हे ठरवायचं. एकदा उघडला की त्याला पुन्हा नीट सील करणं हे बल्ब बसवण्यापेक्षा कितीतरी जबाबदारीचं काम आहे.

आधी मल्टिमीटर

इंजिन चालू, लो बीम चालू. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनला. जे आकडे दिसतात तेवढे व्होल्ट वाटेत खर्ची पडतात. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थ (ग्राउंड) पिनपर्यंत तसंच मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायरिंग हाती घ्यायलाच हवं. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बल्बचे लुमेन (उजेडाचं माप) १३.२ व्होल्टला मोजलेले असतात. पिनवर १२ व्होल्टच पोहोचले तर उजेड ७२ टक्क्यांच्या आसपास येतो. बल्ब कितीही महाग असो, त्याला या हिशेबातून सुटका नाही.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधूनच जातो. दोन ५५ वॅटचे बल्ब म्हणजे नऊ अँपिअरहून जास्त. वर्षानुवर्षं तेवढा करंट वाहून त्या स्विचचे पॉइंट जळतात. उपाय म्हणजे लो आणि हाय बीमसाठी दोन वेगळे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. जुन्या प्लगचा करंट ८५ आणि ८६ वर, बॅटरीकडून येणारी वायर ३० वर, बल्बकडे जाणारी ८७ वर. वायर २.५ चौरस मिमीची घ्या, लो बीमला १५ अँपिअरचा फ्यूज द्या आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवा. अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. काही जपानी गाड्यांत स्विच पॉझिटिव्हच्या ऐवजी अर्थच्या बाजूला असतो. तिथे तयार हार्नेस (जोडलेल्या वायरिंगचा संच) डोळे झाकून लावला तर हाय बीमची खूण भलत्या वेळी पेटते आणि पुढे बाय-झेनॉन (शटर हलवून लो आणि हाय दोन्ही बीम देणारा झेनॉन दिवा) बसवला तर त्याचा शटर हलत नाही. वायर कापण्याआधी बल्बच्या प्लगवर कुठली पिन कायम पॉझिटिव्ह आहे ते तपासा.

काच: घासून भागेल का?

काच ओली करून बघा. पाणी असेपर्यंत ती स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या थरात आहे आणि घासून काम होईल. ओली असतानाही पिवळट किंवा धुरकट राहिली तर दोष खोलवर किंवा आतल्या बाजूला आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उजेडात चमकत असतील, तर त्या पॉलिकार्बोनेटच्या (बहुतेक हेडलाइटची ‘काच’ याच प्लास्टिकची असते) आत उतरलेल्या भेगा आहेत. कुठल्याही पॉलिश पेपरने त्या जात नाहीत.

घासायचं तर जुना थर सोलून निघत असेल तिथे ८०० नंबरपासून सुरुवात करा, मग १०००, १५००, २००० आणि ३०००, सगळं ओलं. प्रत्येक नंबर आधीच्याला काटकोनात चालवा आणि आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नका. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून यूव्ही रोखणारा टू-कंपोनंट क्लिअर कोट. हा कोट टाळला तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते, कारण घासताना कारखान्याचा संरक्षक थर आपणच काढून टाकलेला असतो. अॅसिटोन किंवा थिनर पॉलिकार्बोनेटला लावू नका. त्यातून लगेच बारीक भेगा पडतात.

रिले आणि घासलेली काच एवढ्यावरच अनेक गाड्यांचं काम भागतं. रोज रात्री लांबचा प्रवास नसेल आणि रिफ्लेक्टर आतून चकचकीत असेल, तर इथेच थांबणं शहाणपणाचं.

हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब

हा सर्वात सोपा आणि आमच्या मते सर्वात फसवा मार्ग. एच४ बल्बमध्ये (लो आणि हाय बीमच्या दोन तारांचा हॅलोजन) लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीच्या चिपा पट्टीच्या दोन बाजूंना असतात; पट्टी जरा जाड असली किंवा चिप मिलिमीटरभर पुढेमागे बसली तरी समोरचा तेजस्वी ठिपका पसरतो. गाडीजवळचा रस्ता पांढराफटक दिसतो, लांबचा अंधारातच राहतो आणि समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात. त्यात मागचा पंखा रबरी टोपीत मावत नाही, टोपी उघडी राहते आणि ओल आत शिरते. अनेक देशांत हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाइटमध्ये असा बल्ब रस्त्यावर चालतही नाही. रिफ्लेक्टरमध्ये झेनॉनचा किट टाकण्यालाही हेच सगळे आक्षेप लागू आहेत.

गोल सील्ड बीम असेल तर

पॉप-अप हेडलाइटच्या बऱ्याच गाड्यांत प्रमाणित मापाचे सील्ड बीम, म्हणजे तार, रिफ्लेक्टर आणि काच एकत्र बंद केलेले दिवे असतात. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत (१९८९ ते १९९७) ७ इंची गोल दिवा आहे. इथे हेडलाइट ओव्हनमध्ये गरम करून उघडण्याचा प्रश्नच येत नाही. कडीचे स्क्रू सोडवा, सील्ड बीम काढा, त्या जागी काचेचं एच४ युनिट बसवा. तीन पात्यांचा प्लगही तोच चालतो. ७ इंची संपूर्ण एलईडी युनिटही मिळतं. त्याचे रिफ्लेक्टर किंवा लेन्स एलईडीसाठीच आखलेले असतात, त्यामुळे नुसत्या एलईडी बल्बपेक्षा ते कितीतरी चांगलं. मात्र दोन गोष्टी बघा. मागची हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) दिव्यामागच्या बादलीसारख्या डब्यात मावते का, आणि दिवा खाली जाताना ती किंवा वायर कुठे घासते का, हे हाताने नॉब फिरवून पूर्ण वर-खाली करून तपासा. एलईडीची काच गरम होत नाही, त्यामुळे बर्फ किंवा दव आपोआप वितळत नाही.

उघडून प्रोजेक्टर बसवणं

रिफ्लेक्टर काळवंडला असेल, मूळ प्रोजेक्टरची (लेन्समधून उजेड नेमका रस्त्यावर टाकणाऱ्या युनिटची) वाटी उष्णतेने करपली असेल किंवा काच आतून खराब असेल, तेव्हाच उघडण्याला अर्थ आहे. रिफ्लेक्टरवरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की मऊ फडक्यानेही त्यावर चरे पडतात, म्हणून आत हवेच्या फुंकणीशिवाय काही लावू नका. थर उडालाच असेल तर व्हॅक्यूममध्ये पुन्हा अॅल्युमिनियम चढवून घ्या. क्रोमचा मुलामा देऊ नका. क्रोम साधारण ६५ टक्केच प्रकाश परतवतो, अॅल्युमिनियम ८५ ते ९० टक्के.

आत काय बसवायचं? दोन पर्याय खरे स्पर्धेत आहेत. बाय-झेनॉन प्रोजेक्टरमध्ये ३५ वॅटचा डी२एस बल्ब साधारण ३,२०० लुमेन देतो. तुलनेला एच७ हॅलोजन ५५ वॅटमध्ये १,५००. रंग ४३०० केल्विनचाच घ्या. ६००० ला निळसर दिसतं आणि उजेड उलट कमी होतो. बॅलास्टला (झेनॉनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कोरडी जागा लागते, इग्निशनचा झटका २० हजार व्होल्टच्या वर असतो आणि पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात. एलईडी प्रोजेक्टर लगेच पेटतो, वायरिंग कमी लागतं, पण बंद डब्यात हीट सिंकला हवा कमी मिळते. आणि कळीचा मुद्दा असा: डी२एस बल्ब गेला तर मागून बदलता येतो, एलईडी गेली तर बहुधा अख्खा प्रोजेक्टर काढावा लागतो, म्हणजे हेडलाइट पुन्हा उघडणं आलं. जुन्या गाडीला, जिचे हेडलाइट नवे मिळणं दुर्मिळ आहे, आम्ही बाय-झेनॉनच सुचवू. एलईडी घेणार असाल तर सील ब्यूटिलचंच (गरम केल्यावर सुटणारं चिकट सीलंट) करा.

युरोपच्या नियमांनुसार लो बीमचा स्रोत २,००० लुमेनच्या वर गेला की आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि हेडलाइट वॉशर लागतात. तपासणी कडक असेल तर हे आधी विचारून घ्या. प्रोजेक्टर घेताना तो रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे हे बघा. प्रकाशरेषेची (उजेड आणि अंधार यांच्यातल्या वरच्या सीमेची) पायरी कडेच्या बाजूलाच वर चढायला हवी.

उघडण्याचं काम

काढण्याआधी गाडी भिंतीसमोर लावून जुनी प्रकाशरेषा टेपने आखून ठेवा. मग बल्ब, रबरी टोप्या, बॅलास्ट, लेव्हलिंग मोटर, कडेचे स्क्रू आणि धातूच्या क्लिपा सगळं काढा. एक स्क्रू राहिला तर काचेची खुंटी तुटलीच म्हणून समजा.

ओव्हन १०५ ते ११० अंशांना, वेगळ्या थर्मामीटरने तपासून. ओव्हनच्या नॉबवर विश्वास ठेवू नका. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि काही कॉइल त्याआधीच एखादा कोपरा वितळवतात. हेडलाइट लाकडी फळीवर, कॉइलपासून दूर, आठ ते दहा मिनिटं. बाहेर काढून रुंद स्क्रू ड्रायव्हरला टेप गुंडाळून कोपऱ्यातून सुरुवात करा. दोघांनी धरलं तर बरं, एक ओढणारा, एक कापणारा. ब्यूटिलच्या काळ्या तारा लांबतात, त्या रिफ्लेक्टरवर पडू देऊ नका. पडलीच तर थंड होऊ द्या, मग टोकाला धरून उचला, पुसू नका. अडलं तर जोर न लावता पुन्हा चार-पाच मिनिटं गरम करा.

दोनदा गरम करूनही हलत नसेल तर खोबणीतल्या सीलवर नख दाबा. ब्यूटिलवर नखाचा ठसा तसाच राहतो. रबरासारखं परत वर आलं तर ते पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन आहे आणि उष्णतेने सुटणार नाही. तिथे पातळ कंपन-पात्याने कापणं एवढाच मार्ग उरतो आणि त्यात काचेची कड बहुधा फुटते. असा हेडलाइट असेल तर नवा किंवा चांगला जुना संच शोधणं जास्त बरं. खऱ्या काचेची लेन्स असेल तर थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवा. हीट गन एका जागी धरली की काच तडकते.

सील: तिघांतला फरक

| | ब्यूटिल दोरी | न्यूट्रल सिलिकॉन | पॉलियुरेथेन |
|---|---|---|---|
| पुन्हा उघडणं | गरम करून सहज | कापून, मुश्किलीने | जवळपास नाही |
| चूक सुधारणं | लगेच शक्य | काढून परत पहिल्यापासून | चूक तशीच राहते |
| धोका | कमी गरम केली तर नीट बसत नाही | पॉलिप्रॉपिलिनला पकड कमी | प्रायमर चुकला तर पकड सुटते |

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन हेडलाइटजवळ आणू नका. त्याची आम्ल वाफ आत अडकून रिफ्लेक्टर खराब करते. आधी कुणी सिलिकॉन लावलं असेल तर ते खरवडून पूर्ण काढा, कारण त्याच्यावर ब्यूटिल चिकटत नाही. जुनं ब्यूटिल कडक आणि धुळकट झालं असेल तर तेही काढून खोबण अल्कोहोलने पुसा.

खोबणीची लांबी सुतळीने मोजा, त्यात पाच सेंटिमीटर मिळवा. ९ ते १० मिमी जाडीची दोरी बहुतेक खोबणींत बसते. खोबण अर्धी ते दोन तृतीयांश भरायची, काच दाबली की उरलेली जागा भरते. काठोकाठ भरली तर काच पूर्ण बसत नाही आणि पुढे बंपरशी फट जुळत नाही. दोरी ताणू नका, ताणलेली पातळ होते आणि थंड झाल्यावर आखडते. दोन टोकं दोन सेंटिमीटर एकमेकांवर आणून बोटाने मळा, आणि हा जोड खालच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका, पाणी तिथेच थांबतं.

सील करण्याआधीच हेडलाइट गाडीवर लावून प्रोजेक्टरची आडवी रेषा जुळवा. एक अंश तिरपा राहिला तर दोन मीटर रुंदीत साडेतीन सेंटिमीटरचा उतार दिसतो आणि सील झाल्यावर तो सुधारता येत नाही. मग दोरी बसवून १०५ अंशांना पाच-सात मिनिटं, काच दाबा, क्लिपा आणि स्क्रू लावा, पुन्हा पाच मिनिटं गरम, पुन्हा दाबा. शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) दाबूनच थंड होऊ द्या. हे काम कोरड्या दिवशी करा. आत कोंडलेली दमट हवा पहिल्याच थंड रात्री काचेवर दिसते.

हेडलाइट श्वास घेतो. तापला की आतली हवा बाहेर जाते, थंड होताना आत येते. म्हणून मागच्या छोट्या हवेच्या नळ्या आणि जाळीदार टोप्या कधीही सीलंटने बुजवू नका. बुजवल्या तर तोच दाब शिवणीतला सर्वात कच्चा भाग शोधतो आणि पाणी तिथून ओढून घेतो.

गळती तपासताना एक सोडून बाकीच्या नळ्या तात्पुरत्या झाका, उरलेल्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तिथे हीट गनने गरम करून दाबा. कॉम्प्रेसरची हवा सोडू नका, ती नवी फट पाडेल. तपासून झालं की नळ्या मोकळ्या केल्यात ना, ते बघा. दिवे लावल्यावर कोपऱ्यातलं पातळ बाष्प अर्ध्या तासात गेलं तर काळजीचं कारण नाही. खाली पाणी साचलं तर शिवण उघडीच आहे.

मग पुन्हा तीच भिंत. टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, टायरमध्ये नेहमीची हवा. भिंत १० मीटरवर असेल तर प्रकाशरेषा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी. गाडी खाली उतरवलेली असेल तर जुन्या टेपवर विसंबू नका, दिव्याची उंची जमिनीपासून नव्याने मोजा.