डोळ्यातनं सारखं पाणी गळतंय: डीसीआर बाहेरनं करायचं की दुर्बिणीतनं?

डॉक्टरांनी सांगितलंय डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी बंद आहे, डीसीआर करा (म्हणजे पाण्याला नाकात नवीन वाट करून द्यायचं ऑपरेशन), आणि आता घरात चर्चा चालू आहे की बेळगावातच करायचं की मिरज-कोल्हापूरला न्यायचं, चिरा देऊन करायचं की नाकातनं दुर्बिणीनं, अशा लोकांसाठी हे लिहितोय. आमच्या आत्याचं बाहेरनं झालंय आणि मेव्हण्याचं नाकातनं, दोन्ही जवळनं बघितलंय.

पण त्याआधी सिरिंजिंग झालंय का ते बघा, नसेल तर ऑपरेशनचं ठरवूच नका. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वर एक आणि खाली एक अशी बारीक भोकं असतात, तिथनं डोळ्यातलं पाणी अश्रुपिशवीत जातं आणि पिशवीतनं खाली नाकात उतरतं, म्हणून तर रडलं की नाक वाहतं. सिरिंजिंगला खालच्या भोकात बोथट सुई घालून सलाइन सोडतात. घशात खारट लागलं तर वाट मोकळी, वरच्या भोकातनं परत आलं तर पुढं कुठंतरी अडकलंय. आत्याला डॉक्टर परत परत विचारत होते खारट लागतंय का, ती नाही म्हणत होती, आणि बघता बघता वरच्या भोकातनं चिकट पांढरा पू दोऱ्यासारखा बाहेर आला, म्हणजे पिशवीत घाण साचलेली. तेवढ्या एका तपासणीत अर्धा निर्णय होतो बघा.

वाट मोकळी असूनही पाणी गळणारे लोक लई आहेत. डोळा कोरडा पडला की चुरचुरतो आणि चुरचुरला की उलट जास्त पाणी सुटतं, गुऱ्हाळाच्या धुरात किंवा गाडीवर वारा लागला की तर विचारूच नका. कुणाची पापणी वयामुळं बाहेर वळलेली असते, कुणाला अॅलर्जी असते. यांना डीसीआरचा काडीचा उपयोग नाही, थेंब किंवा पापणीचा इलाज करायचा. तान्ह्या बाळाचंही वेगळं, बहुतेकांची नळी वर्षाच्या आत कोपऱ्याच्या मसाजनं आपोआप उघडते, नाहीच उघडली तर प्रोबिंग करतात, म्हणजे बारीक तार घालून नळी मोकळी करतात.

आता नळी खरंच बंद आहे असं धरून चालू. दोन्ही ऑपरेशनमध्ये मूळ काम एकच, मधलं थोडं हाड काढून पिशवीतनं थेट नाकात नवीन वाट करायची. नाकातनं करतात ती नवीन म्हणून चांगली असं काहीजण सांगतात, ते मला पटत नाही. बाहेरनं करायची पद्धत इटलीच्या डॉक्टर टोटींनी १९०४ ला मांडली आणि नाकातनं करायचा प्रयत्न डॉक्टर काल्डवेलनी त्याच्याही आधी १८९३ ला केलेला, फक्त आत नीट दिसायचं नाही म्हणून तो मागं पडला आणि दुर्बिणी आल्यावर १९८० च्या दशकाच्या शेवटी परत वर आला. चांगल्या हातात दोन्हीत साधारण दहातल्या नऊ जणांचं पाणी थांबतं, त्यामुळं पद्धतीपेक्षा तुमच्या डॉक्टरांचा हात कशात बसलाय ते महत्त्वाचं, आणि हे सरळ विचारायला लाजायचं नाही.

बाहेरनं केलं तर नाकाच्या बाजूला छोटा व्रण राहतो, चष्म्याखाली बराचसा झाकतो आणि वर्षभरात फिका पडतो. मोठा फायदा म्हणजे बऱ्याचदा जागेपुरती भूल देऊन होतं, बीपी-शुगरवाल्या वयस्कर माणसाला पूर्ण भूल टळते. आत्याचं वय सत्तरीपार, म्हणून आम्ही हेच निवडलं आणि अशा माणसाला मी आजही हेच सुचवेन. दुर्बिणीतनं केलं तर व्रण नाही, सूज कमी, आणि नाकाचं हाड वाकडं असेल तर त्याच वेळी सरळ करता येतं, मेव्हण्याचं तसंच केलं. पण बरेचजण पूर्ण भूल देतात, खर्च सहसा जास्त, आणि नंतर नाक साफ करून घ्यायला फेऱ्या माराव्या लागतात. तरुण माणूस, त्यातनं लग्नाची पोरगी असेल तर मी नाकातनंच म्हणेन.

खूप वयस्कर, डोळा आधीच कोरडा आणि नुसता पू थांबवायचाय असं असेल तर पिशवीच काढून टाकायचं डीसीटी हा तिसरा मार्ग असतो. ऑपरेशन छोटं, पण पाणी गळणं राहू शकतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर नंतर डॉक्टरांवर राग काढतात.

मोतीबिंदू काढायचा असेल आणि पिशवीत पू असेल तर थांबत बसू नका. तो पू आत गेला तर डोळाच जाऊ शकतो, म्हणून आधी पिशवीचं काम आणि मग मोतीबिंदू. कोपरा लाल होऊन सुजला, ठणकतोय, ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा, घरी दाबत किंवा फोडत बसायचं नाही, आधी अँटिबायोटिक आणि सूज उतरल्यावर ऑपरेशन.

डीसीआर बाहेरनं करा की नाकातनं, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगायची, ती मनानं बंद करायची नाही. नंतर आठ-पंधरा दिवस जोरात नाक शिंकरायचं नाही. निपाणीकडच्या म्हाताऱ्यांना खास सांगतो, तपकीर ओढायची सवय असेल तर ती पूर्ण बंद, नवीन वाट तिथंच उघडते. कधी आत सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात, ती काही आठवड्यांनी ओपीडीतच काढतात.

पैशाचं म्हणाल तर बेळगावात आयुष्मान कार्ड आणि मिरज-कोल्हापूरला न्यायचं असेल तर महात्मा फुले आरोग्य योजना, जी महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय, दोन्हीचं ॲडमिट व्हायच्या आधी काउंटरवर विचारा, तुमचं गाव आणि हे ऑपरेशन बसतंय का. आणि संमतीचा फॉर्म बहुतेक कन्नड किंवा इंग्रजीत असतो, सही करायच्या आधी कुठला डोळा आणि कुठली पद्धत लिहिलीय ते कुणाकडनं तरी मराठीत वाचून घ्या.