वर्गात कवी बोलवावा की शाहीर?

सोलापूरच्या शाळेत मुलांकडून कविता-गाणी लिहून घ्यायची आहेत आणि मानधन एकाचंच जमत असेल, तर आधी पटसंख्या बघा. कवीला वीस-पंचवीसच मुलं द्या. प्रत्येक वही वाचून एखादी ओळ खोडायला, बदलायला वेळ लागतो. साठ मुलं कोंबली की उरतं नुसतं काव्यवाचन. शाहीर साठांनाही पेलतो: आठ मात्रांचा ठेका, ध्रुपद फळ्यावर, गटागटाला एकेक कडवं. फसतं ते यमकात. यंत्रमागावरच्या गाण्यात मुलं ‘माग’ला ‘नाग’ जोडून मोकळी होतात. म्हणून आधी आशय लिहून घ्यावा. घरी तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांना मात्र ठेक्याचा मोठा आधार होतो, आणि पेशवाईतले शाहीर रामजोशी यांच्या सोलापुरात शाहिरी उपरी वाटत नाही. स्नेहसंमेलन तोंडावर असेल तर शाहीरच. गप्प मुलांना लिहितं करायचं तर कवी, तोही किमान चार तासिका.