गटेचा सेकंडहॅण्ड सेट मागवला : पुस्तकं एक नंबर, पॅकिंग बेकार

आमच्या ठाण्यात जर्मन म्हटलं की आधी आठवतात ते अकरावी-बारावीचे स्कोअरिंग मार्क, मग तिकडे नोकरीला जाणाऱ्यांच्या ए-वन, बी-वन परीक्षा, आणि गटे या जर्मन कवी-नाटककाराचं नाव त्या सर्टिफिकेटवर असतं म्हणून माहीत. मुंबईत त्याच्या नावाची संस्था आहे तिलाही आपण मॅक्सम्युलर भवनच म्हणतो, म्हणजे तिथेही बिचारा मागेच. त्याने लिहिलंय काय ते एकदा बघू म्हणून इंग्रजी अनुवादांचा जुना सेट ऑनलाइन मागवला, वेर्थर, फाउस्ट, इटलीचा प्रवास आणि निवडक कविता, सगळे मिळून अकराशे रुपये.

सेलरचं आधी संपवतो. भर पावसात नुसत्या पातळ पिशवीत पाठवलं, इटलीवाल्या पुस्तकाचं कव्हर फुगून आलं. आणि लिस्टिंगमध्ये फाउस्ट 'कम्प्लीट' लिहिलेलं, आला फक्त पहिला भाग. मेसेज केल्यावर म्हणे 'सर फाउस्ट म्हणजे फाउस्टच ना'. वाद घालून दोनशे परत मिळाले. दोन स्टार, ते पण पानं सगळी जागेवर होती म्हणून.

आता पुस्तकं. सुरुवात वेर्थरपासूनच करा, फाउस्टला आधी हात लावू नका. १७७४ सालची छोटीशी कादंबरी, सगळी पत्रं, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलला एकदम परफेक्ट, ऐरोलीपर्यंत एक-दोन पत्रं आरामात होतात. गोष्ट काय तर पोरगा लोटेच्या प्रेमात पडतो आणि तिचं लग्न आधीच ठरलेलं असतं, झालं. पहिल्यांदा ती दिसते ती लहान भावंडांना पाव कापून वाटताना, ज्याच्या-त्याच्या वयाच्या आणि भुकेच्या मापाने तुकडे, आणि तिथेच गडी गेला कामातून. मधली काही पानं हा वेर्थर इतका रडतो की एक कानाखाली द्यावीशी वाटते हे खरं, पण शेवटाकडे गटे अचानक कोरडा होतो, कुठेही गळा काढत नाही. वेर्थरचा नोकर पिस्तुलं मागायला येतो, लोटे भिंतीवरची पिस्तुलं काढते, त्यावरची धूळ पुसते आणि त्याच्या हातात देते. बस्स. एवढंच लिहिलंय आणि वाचताना हात गार पडतात. (मन आधीच खाली असेल तर आत्ता नका घेऊ हे पुस्तक, सिरियसली सांगतोय.)

यातलं बरंचसं खरं घडलेलं होतं. १७७२ मध्ये वेत्स्लार गावात गटे शार्लोट बुफ नावाच्या मुलीच्या मागे होता, ती केस्टनरशी एंगेज्ड, आणि त्याच वर्षी त्यांच्या ओळखीतल्या येरुसालेम नावाच्या तरुणाने आत्महत्या केली ती याच केस्टनरकडून उसनी आणलेल्या पिस्तुलांनी. गटेने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. पुस्तक एवढं चाललं की पोरं वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरायला लागली, लाइपझिगमध्ये तर पुस्तकाबरोबर त्या ड्रेसवरही बंदी आली!

फाउस्टचा पहिला भाग १८०८ चा. आपल्यासारख्या नाटकवेड्या लोकांना यात एक भलतंच घबाड आहे आणि ते पहिल्या काही पानांतच आहे. मुख्य गोष्ट सुरू व्हायच्या आधी स्टेजवर तिघं भांडतात, नाटक कंपनीचा मॅनेजर, कवी आणि विदूषक. मॅनेजरला फक्त गर्दी पाहिजे, तो म्हणतो दुष्काळात बेकरीच्या दारात पावासाठी झुंबड उडते तशी माझ्या तिकीट खिडकीवर उडाली पाहिजे, एकमेकांच्या माना मोडेपर्यंत. गडकरी रंगायतनच्या बुकिंगला उभ्या राहिलेल्या कोणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. तर हा प्रवेश गटेला सुचला तो शाकुंतलावरून असं अभ्यासक मानतात. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये शाकुंतल इंग्रजीत आणलं, त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मनमध्ये, आणि ते वाचून गटे इतका खूश की त्याने त्यावर चार ओळींची कविताच केली. म्हणजे आपल्याकडे किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल आलं १८८० मध्ये, आणि त्याच्या कितीतरी आधी कालिदासाचे सूत्रधार-नटी जर्मनीत पोचून कामाला पण लागले होते. मला मजा वाटली ती फरकाची. कालिदासाचा सूत्रधार म्हणतो जाणकारांचं समाधान होईपर्यंत मला माझ्या प्रयोगाची खात्री नाही, आणि गटेचा मॅनेजर म्हणतो जाणकार गेले उडत, हाऊसफुल्ल पाहिजे.

पुढची गोष्ट ऐकून माहीत असते, विद्वान फाउस्ट सैतानाशी म्हणजे मेफिस्टोशी करार करतो, ज्या क्षणाला मी म्हणेन 'थांब, तू किती सुंदर आहेस' त्या क्षणी मी तुझा. पण मेफिस्टो इतका विनोदी असेल असं मला वाटलं नव्हतं. फाउस्ट जिच्या मागे लागलाय त्या ग्रेटशेनच्या खोलीत त्याच्यासाठी मेफिस्टो दागिन्यांचा डबा ठेवतो, तिची आई देवभोळी, तिला त्यात काहीतरी पापाचं आहे असं वाटतं आणि ती सगळा डबा पाद्रीबाबांना देऊन टाकते, पाद्री म्हणतो चर्चचं पोट भक्कम आहे, आख्खे देश गिळले तरी अपचन झालं नाही. मेफिस्टोचा नुसता जळफळाट. तीच ग्रेटशेन शेवटी तुरुंगात, आई गेली, भाऊ गेला, पोटचं पोर स्वतःच्या हाताने बुडवलेलं. सगळ्या फाउस्टमध्ये मला सगळ्यात जिवंत वाटली ती हीच.

कवितांचं पुस्तक घेतलं तर 'पारिया' (म्हणजे अस्पृश्य) ही तीन भागांची कविता सोडू नका. ब्राह्मणाची बायको रोज नदीवर जाते, भांडं लागत नाही कारण तिच्या पुण्याईने पाण्याचाच गोळा होतो, एक दिवस पाण्यात दिव्य तरुणाचं प्रतिबिंब दिसतं, मन हलतं, पाणी हातात थांबत नाही, नवरा मुंडकं उडवतो... ओळखलं ना? आपली रेणुका. आगरी-कोळी मंडळी कार्ल्याला जिच्या दर्शनाला जातात त्या एकवीरेला रेणुकाच मानतात, तीच ही. फक्त गटेच्या कवितेत मुलगा घाईघाईत आईचं डोकं दुसऱ्याच बाईच्या धडावर बसवतो, देहदंड झालेल्या बाईच्या, आणि अशी अर्धी-अर्धी झालेली देवी खालच्यांचं गाऱ्हाणं वर ब्रह्माकडे नेते. हा माणूस कधी भारतात आला नाही, युरोपियन प्रवाशांची वर्णनं वाचून लिहिलंय, म्हणून तर जास्तच आश्चर्य.

इटलीचा प्रवास ऑडेन आणि एलिझाबेथ मेयरच्या अनुवादात मिळाला तर डोळे झाकून घ्या. वायमार या छोट्या जर्मन संस्थानाच्या दरबारात मंत्री असलेला सदतीस वर्षांचा माणूस १७८६ च्या सप्टेंबरात कार्ल्सबादहून पहाटे तीनला कोणाला न सांगता सटकतो, मोलर नावाने फिरतो. इटलीतल्या मालचेझिने गावात पडक्या किल्ल्याचं चित्र काढत बसला तर लोकांनी हेर समजून घेरलं, एकाने कागदच फाडला, शेवटी फ्रँकफर्टमध्ये नोकरी करून आलेला एक गावकरी मध्ये पडला तेव्हा सुटका. असले प्रसंग भारी आहेत. रोमच्या पुतळ्यांची लांबण मात्र मी सरळ उलटत गेलो.

बाकीचं थोडक्यात. विल्हेल्म माइस्टर ही कादंबरी, पहिला अर्धा भाग नाटक कंपनीचा, मस्त, नंतर गुप्त मंडळ वगैरे येतं आणि झोप. इलेक्टिव्ह अफिनिटीज ही दुसरी कादंबरी, १८०९, नवरा-बायको आणि घरी आलेले दोन पाहुणे यांच्यातली प्रेमाची अदलाबदल, छोटी आणि विषारी, वाचाच. रंगांवरचा ग्रंथ न्यूटनशी भांडण्यात गेलाय आणि फिजिक्सच्या बाजूने तो चुकलाच.

आता जो सेलरने पाठवलाच नाही तो फाउस्टचा दुसरा भाग. मग वेगळा घेतला, डेव्हिड ल्यूकचा अनुवाद. गटे गेल्यावर १८३२ मध्ये छापला गेलेला. मधले अंक डोक्यावरून जातात, ग्रीक देवदेवतांची जत्रा आहे नुसती, टीपांशिवाय पान हलत नाही. पण पाचवा अंक नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. म्हातारा फाउस्ट समुद्राला बांध घालून भराव टाकतो, नवीन जमीन, कालवा, बंदर, सगळा मोठा प्लॅन. मध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याची झोपडी, लिंडनची झाडं आणि छोटं देऊळ अडकलेलं. त्यांना भरावाच्या जमिनीवर बदली प्लॉटची ऑफर दिली जाते, म्हातारी नवऱ्याला म्हणते पाण्यातून काढलेल्या जमिनीवर भरवसा ठेवू नकोस. प्रकल्पग्रस्त आणि साडेबारा टक्के (जमीन गेलेल्यांना मिळणारा भूखंड) ऐकत मोठे झालेले आपण, हे दोनशे वर्षांपूर्वी वायमारमध्ये बसून कोणी लिहिलं असेल यावर विश्वास बसत नाही. फाउस्टला त्या देवळाची घंटा सहन होत नाही, तो मेफिस्टोला सांगतो त्यांना हलवा, मेफिस्टोची माणसं झोपडीच जाळून येतात, म्हातारा-म्हातारी आतच संपतात, आणि फाउस्ट म्हणतो मी अदलाबदल सांगितली होती, लूट नाही. शेवटी आंधळा झालेला फाउस्ट फावड्यांचा आवाज ऐकून खूश होतो, त्याला वाटतं आपला कालवा खणतायत, प्रत्यक्षात त्याचीच कबर खणत असतात.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर वेर्थर आणि फाउस्टचे दोन्ही भाग घ्या, आणि घेण्याआधी सेलरकडून अनुक्रमणिकेचा फोटो मागवा.