ग्रामप्रिया कोंबडी: अंडी भरपूर, पण खुडूक बसणार नाही

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी विकसित केलेल्या ग्रामप्रिया जातीच्या 10 तलंगा (तरुण माद्या) आम्ही दीड वर्षापूर्वी एका उबवणी केंद्रातून आणल्या आणि अंड्यांच्या बाबतीत त्यांनी निराश केले नाही. गावरान कोंबडी पंधरा-वीस अंडी घालून खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसते, आणि पुढचे कित्येक आठवडे पिल्लांमागे घालवते. ग्रामप्रिया मात्र क्वचितच खुडूक होत असल्याने तपकिरी अंडी घालतच राहते.

‘रोज एक अंडे’ हा विक्रेत्याचा दावा तेवढा फोल ठरला. एक अंडे तयार होण्यास साधारण 24 ते 26 तास लागत असल्यामुळे अंडे घालण्याची वेळ दररोज थोडी पुढे सरकते आणि ती दुपारपर्यंत पोहोचली की एक दिवसाचा खाडा पडतो, हे त्याने सांगायला हवे होते. डिसेंबरात दिवसाचा उजेड 11 तासांवर आल्यावर अंडी घटली आणि पिसे झडण्याच्या काळात तर जवळजवळ थांबलीच. कवच पातळ येत होते, ती तक्रार शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवल्यावर मिटली.

उणीव म्हणाल तर पिल्ले काढण्यासाठी शेजारची खुडूक गावरान कोंबडी उसनी आणावी लागते (तिचा मोबदला अर्थातच अंड्यांत). शिवाय ही संकरित जात असल्याने घरच्या पिल्लांत आईइतकी अंडी देण्याचा गुण टिकत नाही. म्हणून नवा कळप हवा असल्यास पिल्ले पुन्हा विकतच घ्यावी लागतात. केवळ अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांना मी ही जात निःसंकोच सुचवेन.