दोन इंची पेट्रोल पंप, सात महिने वापरून: पाणी उचलत नसेल तर आधी सक्शन बघा

दापोली तालुक्यात कातळाच्या कडेला आमची हापूसची शंभर कलमं आहेत, लावून दुसरं वर्ष. वीज तिथपर्यंत पोचलेली नाही. खाली पऱ्या (ओढा), त्यावर दरवर्षी आम्ही सिमेंटच्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घालतो. वर बागेत हजार लिटरच्या दोन टाक्या, आणि मधला चढ साधारण साठ फुटांचा. तान्ह्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही तर ती जळतात, म्हणून नोव्हेंबरात दोन इंची पेट्रोल पंप घेतला. 163 सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन, वजन वीस-बावीस किलो, एक माणूस खांद्यावर टाकून पऱ्यात उतरू शकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाचे सगळे पंप आतून जवळपास सारखेच असतात आणि मला जो त्रास झाला तो कुठल्याही पंपाला होऊ शकतो.

दुकानदार म्हणाला होता, ‘सेल्फ प्रायमिंग आहे, पाणी भरायची भानगडच नाही.’ या एका वाक्यापायी माझा पहिला सील, म्हणजे पंपातलं पाणी इंजिनाकडे गळू न देणारा भाग, गेला. सेल्फ प्रायमिंगचा अर्थ एवढाच, की सक्शन पाइप (पाण्यात सोडलेला, ओढणारा) रिकामा असला तरी चालतो. पंपाचं पोट, म्हणजे पंखा फिरतो ती पोकळी, मात्र पाण्याने काठोकाठ भरलेलं हवंच. पंखा ते पाणी घुसळतो, पाइपातली हवा त्या पाण्यात मिसळून डिलिव्हरीकडून (पाणी बाहेर फेकणाऱ्या तोंडातून) बाहेर जाते, पाणी परत पोटात उतरतं. असं करत करत दीड-दोन मिनिटांत पाइपातली हवा संपते आणि धार येते. पोटच कोरडं असेल तर पंखा नुसता वारा घालतो.

मी तीन मिनिटं कोरडा चालवला. करपल्यासारखा वास आला तेव्हा बंद केला आणि घाबरून लगेच गार पाणी ओतलं. ही दुसरी चूक. दुसऱ्या दिवशी इंजिन आणि पंप यांच्या मधल्या फटीतून थेंब थेंब गळायला लागलं. उघडून पाहिलं तर मेकॅनिकल सीलच्या पांढऱ्या सिरॅमिक रिंगला केसाएवढी चीर. ही रिंग आणि तिच्यावर फिरणारी काळी कार्बनची रिंग, दोघींना थंड ठेवतं ते आतलं पाणीच. कोरड्यात त्या तापतात, आणि तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की ते तडकतं. कधी चुकून कोरडा चाललाच, तर बंद करून अर्धा तास हात लावू नका, मग पाणी भरा.

जानेवारीत खरा छळ सुरू झाला. पंप पाणी धरायचा, पाच-सात मिनिटं छान चालायचा, मग धार फुटायची, फडफडायची आणि बंद. इंजिनाचा आवाज एकदम हलका. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, ‘इंजिन दम टाकतंय’ म्हणाला. पण पाणी सुटल्यावर इंजिन तर उलट जोरात पळत होतं. ओझं उतरलेलं इंजिन असंच पळतं, म्हणजे दोष इंजिनात नव्हताच. हे मला तेव्हा सुचलं नाही.

सुचलं ते शेजारच्या आबांना. ते पऱ्यावर आले, थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, ‘अरे, पाइप वारा खातोय.’ मी म्हटलं, ‘आबा, कुठे गळत नाहीये एक थेंब.’ ‘गळेल कसा? सक्शनला पाणी बाहेर येत नाही, वारा आत जातो.’ त्यांनी काठावरचा मऊ चिखल मुठीत घेतला आणि चालू पंपाच्या एकेका जोडावर लिंपत गेले. पंपाच्या तोंडाशी कपलिंगच्या आट्यांवर चिखल बसला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यात एक बारीक खळगा पडला. चिखल आत ओढला जात होता. दुसरी मूठ थापली तशी टाकीवरून पोराची हाक आली, धार आली म्हणून. आतला रबरी वायसर चेपून पापडासारखा झाला होता. नवा दहा रुपयांचा. तेव्हापासून प्रत्येक जोडणीला आट्यांवर टेफलॉन टेप, पाइपावर एकीच्या जागी दोन क्लिपा उलटसुलट तोंडाने, आणि वायसर खिशात जादा. चिखल नको असेल तर साबणाचा फेस लावा, तोही फटीत खेचला जातो.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपातली हवा काढून टाकतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ती फार तर 10.3 मीटरपर्यंत पाणी तोलून धरू शकते, आणि घर्षण, वाफ, गळती वजा जाता हाती येतात सात मीटर. घाटावर उंचीप्रमाणे तेही कमी होतं. वर फेकताना मात्र पंपाला स्वतःची ताकद असते, माझ्या पंपावर एकूण हेड (ओढण्याची आणि फेकण्याची मिळून उंची) 32 मीटर लिहिलंय. म्हणून पंप कायम पाण्याजवळ न्या, स्वतःच्या सोयीच्या जागी ठेवू नका. डिसेंबरात मी तो वर सपाटीवर ठेवायचो, आता पाण्यापासून पाच फुटांवर असतो. पाइपही पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढता हवा. मध्ये दगडावरून कमान केली की त्या कमानीत हवा साचून बसते. सक्शन पाइपाच्या टोकाची जाळी पाण्यात फूटभर खोल हवी, वर भोवरा दिसला तर ती हवा गिळतेय समजा. पऱ्यात पाला फार, म्हणून मी जाळी तांदूळ धुवायच्या जुन्या रोवळीत बसवली. सात महिन्यांत एकदाही तुंबली नाही.

एक अडचण चढावर पाइप नेणाऱ्यांनाच येईल. वरच्या पाइपात आदल्या दिवशीचं पाणी उभं असलं, की पंप सुरू करताना हवेला बाहेर जायला वाट उरत नाही. पंखा हवा ढकलतो, वर साठ फूट पाणी बसलेलं. दहा मिनिटं झाली तरी पाणी धरत नाही. मी पंपाच्या डिलिव्हरीच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंचाचा कॉक बसवला. सुरू करताना कॉक उघडा, तिथून फसफस हवा निघते, सलग पाणी आलं की बंद. सगळ्या खर्चात हा शंभर-सव्वाशेचा कॉक मला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

इंजिनाबद्दल थोडक्यात. उतारावर तिरपा ठेवला तर सुरूच होत नाही, कारण ऑइल कमी आहे असं समजून सेन्सर ठिणगी तोडतो. खाली दगड लावून सपाट करा. पहिलं ऑइल वीस तासांनी बदललं. पेट्रोल तासाला सव्वा लिटरच्या आसपास. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने कार्बोरेटर चिकटतो, म्हणून आठवडाभर वापरणार नसेन तर पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप थांबेपर्यंत चालवतो.

खोक्यावर मिनिटाला 600 लिटर लिहिलंय, ते शून्य चढावरचं. माझी हजार लिटरची टाकी डिसेंबरात पाच मिनिटांत भरायची.

एप्रिलच्या मध्याला पऱ्या आटला आणि मी विहिरीवर गेलो. पाणी बावीस फुटांवर होतं. फुटव्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी खाली परत न सोडणारी तळाची झडप) लावून, पाइप वरून भरून घेतला तर उचलायचा, टाकीला साडेसात-आठ मिनिटं. मेच्या पहिल्या आठवड्यात पाणी सव्वीस फुटांवर गेलं आणि पंप थांबला. सगळे जोड तपासले, सगळे घट्ट. तिथे हवेचा जोरच संपला होता. दोघांनी सुचवलं, विहिरीतल्या टप्प्यावर पंप उतरव, दहा फूट वाचतील. मी नाही उतरवला, आणि हे वाचणाऱ्या कुणीही उतरवू नये अशी हात जोडून विनंती आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, विहिरीसारख्या खोल जागेत तो साचतो आणि माणूस हाक मारण्याआधी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. मेमध्ये मी तीन टँकर विकत घेतले. शंभरातली सत्त्याण्णव कलमं जगली.

आता पंप पडवीत आहे. पोटातलं पाणी खालच्या नटातून काढलंय, पेट्रोल रिकामं केलंय, दोन्ही तोंडांना टोप्या लावल्यात, आणि रोवळी धुऊन त्याच्यावरच उपडी ठेवलीय.