सहा फुटी छत्री, अकरा महिने आणि दोन जागा

गेल्या डिसेंबरात आमच्या गुहागरच्या घरी टीव्हीसाठी सहा फुटी जाळीची छत्री, म्हणजे मोठी डिश, बसवली. आता नोव्हेंबर आहे. छत्रीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मी आधी निवडलेल्या जागेबद्दल.

एवढी मोठी छत्री कशाला, असं सगळेच विचारतात. दोन फुटी फ्री डिश होतीच. आठ महिने ती झकास चालायची. पण ती केयू बँडवर, म्हणजे आखूड लहरींवर चालते, आणि पावसाने धार धरली की चित्राचे चौकोन पडायचे, मग नुसता निळा पडदा. बातम्यांच्या वेळी असं झालं की आई माझ्याकडे बघायची, जसा काही पाऊस मीच लावलाय. मोठी छत्री सी बँडवर चालते. त्याची लहर लांब, साधारण साडेसात सेंटिमीटरची. पावसाचे थेंब तिला फारसे अडवत नाहीत. मात्र छत्री मोठी लागते. या पावसाळ्यात चित्र एकदाही फुटलं नाही, एवढं सांगितलं की पुरे.

आता जागा. डिश म्हणजे गच्चीवर, हे डोक्यात पक्कं बसलेलं. बसवायला आलेल्या माणसानेही काही विचारलं नाही, सरळ जिना चढला. स्लॅबला चार भोकं, चार बोल्ट, तासाभरात सिग्नल. मी खूश.

एप्रिलपासून रात्री वरून कुरकुर ऐकू यायला लागली. मे महिन्यात एका वळिवाच्या रात्री तासभर वारा सुटला आणि सकाळी सिग्नल गुल. वर जाऊन बघतो तर पाइप दोन बोटं कललेला आणि एक बोल्ट सिमेंटचा टवका घेऊन वर आलेला. छत्री वाचली होती, पण पावसाळ्याच्या तोंडावर स्लॅबला चीर पडणं म्हणजे काय, ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

मग हिशेब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. ताशी १०० ने दर चौरस मीटरवर साधारण ४८ किलोचा रेटा येतो. सहा फुटी छत्री २.६ चौरस मीटरची. वाऱ्याला पूर्ण तोंड दिलं तर सव्वाशे किलो, भरीव असेल तर वाटीच्या आकारामुळे आणखी जास्त. जाळीने थोडी सूट मिळते, पण वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हे सगळं माझ्या चार बोल्टांवर होतं.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा स्वतःचंच हसू आलं. माझी छत्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहांकडे आहे. जीसॅट-१५ आणि जीसॅट-१७ तिथेच आहेत. गुहागरातून ही जागा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येते. म्हणजे छत्री जवळजवळ आभाळाकडे तोंड करून बसते. व्हिडिओत ज्या थंड देशांतली माणसं ती छपरावर चढवतात, तिथे उपग्रह क्षितिजाजवळ दिसतो. आपल्याला उंचीची गरजच नाही! छत्रीपेक्षा चौदा फूट उंच घर असलं तरी दहा फूट मागे सरकलं की आभाळ मोकळं.

पण मोकळं आभाळ असलं म्हणजे झालं असं नाही. आमचं घर रस्त्याच्या कडेला, मागे वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. अंगणात लावली असती तर वरून विजेच्या तारा जातात. पाइप आडवा झाला तर तारांपर्यंत पोचता कामा नये, हे मी ठरवलेलंच होतं. वाडीत लावावी तर माड. आग्नेयेला पन्नास फुटी माड असेल तर तो तीस फुटांच्या आत आडवा येतो, पण सिग्नल गेला तरी परवडलं. खरी भीती वरून पडणाऱ्या नारळाची आणि झावळीची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या झावळ्या कुठल्या कुठे जाऊन पडल्या होत्या. नारळ पाडायला येणारा पाडेली उभा राहून म्हणाला, "दादा, हिच्यावर एक पडला ना, की वाटीची ताटली होईल."

शेवटी मागीलदारी, घर आणि विहीर यांच्यामधली जागा धरली. समुद्राकडून येणारा वारा न्हाणीघराच्या भिंतीवर आणि गडग्यावर आधीच मोडतो. खाली जांभा लागला, तो फोडायला गवंड्याचा एक दिवस गेला. तीन फूट लांब, रुंद, खोल काँक्रीट, म्हणजे अठराशे किलोच्या आसपास वजन. पाइप भरताना ओळंबा लावून बघाच, तिरका पाइप पुढे प्रत्येक अंशाला त्रास देतो. आणि लोखंडी पाइपाला चिकटून फोनचं होकायंत्र बघू नका, ते खोटं बोलतं.

विहिरीमुळे माती ओली राहते, त्यामुळे अर्थिंग चांगलं मिळालं. तरी वीज चमकायला लागली की मी केबल काढून ठेवतो.

खारं वारं मात्र कुठेही सोडत नाही. आधीचे साधे नटबोल्ट सहा महिन्यांत लाल झाले, आता स्टेनलेसचे आहेत आणि वर ग्रीस. वादळाची सूचना आली की उंचीचा बोल्ट सैल करून छत्रीचं तोंड पूर्ण वर करायचं. मग वाऱ्याला फक्त कड मिळते आणि जाळीत पाणीही साचत नाही. गच्चीवर असती तर तेवढ्यासाठी वादळात वर चढावं लागलं असतं.

खाली असण्याचे तोटेही आहेत. मागची कड बरोबर कपाळाच्या उंचीला येते. पहिल्याच आठवड्यात मी आपटलो, आता सायकलची जुनी ट्यूब चिरून कडेला बसवलीय. ऑगस्टमध्ये वानरांनी छपरावरून उडी मारून एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोर सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, दांडा वाकवला. आणि आई तिच्यावर पंचे वाळत घालते. ओल्या पंच्याने सिग्नल जातो, कोरड्याने नाही, हे मी मोजून बघितलंय.

एक सोपी युक्ती. १२-१३ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराच्या थोडं आधी सूर्य या उपग्रहांच्या बरोबर मागे येतो. काही मिनिटं चित्र जातं, घाबरू नका. त्याच वेळी बघायचं: एलएनबीची सावली मध्यावर असली आणि बाकी जाळी उन्हात असली, तर वाट मोकळी. यंदा ऑक्टोबरात पाहिलं तर एका कडेला पोफळीच्या शेंड्याची सावली होती. अजून दोन वर्षांनी ती मध्यावर येईल. पोफळ आईने लावलेली आहे, तेव्हा हलायचं झालं तर छत्रीच हलेल.