कोटा, कडाप्पा, शहाबादी आणि जैसलमेर: घरात खरा दगड वापरून बघितल्यावर

या घरात एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक धो धो पावसाळा काढून झालाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कराडजवळ घर आहे, खाली-वर दोन मजले. हॉल आणि खालच्या बेडरूमला हिरवट कोटा, ओट्याला काळा ग्रॅनाइट, ओट्याखालच्या कप्प्यांना आणि मांडणीला कडाप्पा, पार्किंगला शहाबादी, आणि हॉलच्या एकाच भिंतीला पिवळा जैसलमेर. वरच्या मजल्यावर साध्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत त्यामुळे घरातल्या घरात तुलना होते.

दुकानात गेलं की लोक रंग बघतात नाहीतर रेट विचारतात. मी म्हणेन आधी एवढंच विचारा, ह्याच्यावर लिंबू पडलं तर काय होतं? कारण कोटा, शहाबादी, कडाप्पा, तांदूर, जैसलमेर आणि तो महागडा मकराना मार्बलसुद्धा, गावं वेगळी, रंग वेगळे, भाव तर फारच वेगळे, पण रसायनाच्या हिशोबानं सगळी एकच भावकी आहे, कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची. आंबट लागलं की ते विरघळायला लागतं. ग्रॅनाइट यात येत नाही, त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, त्याला लिंबाचं काही वाटत नाही. आपला सह्याद्रीतला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो लाव्हापासून झालेला, त्यालाही लिंबानं काही होत नाही. मग आपल्या भागात काळ्या दगडाचे डोंगरच्या डोंगर असताना फरशी मात्र गुलबर्ग्याकडच्या शहाबादहून, आंध्रातल्या कडप्याहून आणि राजस्थानातून का येते? तर चुनखडीचा दगड समुद्राच्या तळाशी थराथरानं साठलेला असतो, तो खाणीत पदरापदरानं सुटतो, पातळ लाद्या निघतात. बेसॉल्ट असा सुटत नाही, म्हणून वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं आणि आत फरशी शहाबादी.

तर लिंबू. दुकानातून प्रत्येक दगडाचा तुकडा घरी आणायचा (मागितला तर देतात, तुटका माल पडलेलाच असतो) आणि पॉलिशच्या बाजूवर लिंबाची फोड अर्धा तास उपडी ठेवायची. कडाप्प्यावर पांढुरका गोल उठतो आणि तो पुसून, घासून, काही करून जात नाही, कारण तो डाग नसतोच, तिथलं पॉलिशच खाल्लं गेलेलं असतं. आईचं म्हणणं होतं की ओटा कडाप्प्याचाच करा, तिच्या माहेरी तीस वर्षं होता. होता, पण तिच्या माहेरचा ओटा आठवून बघा, चकाकी कधीच गेलेली, मध्ये करडा झालेला आणि दिवाळीच्या आधी तेलाचा हात फिरवून काळा करायचे. ज्यांना तसा चालतो त्यांनी खुशाल करावा. आमच्याकडे चिंच, आमसूल, टोमॅटो रोजचे, म्हणून ओट्याला ग्रॅनाइट आणि कडाप्पा खालच्या कप्प्यांना. तिथं त्याच्याइतका बिनतक्रार दगड नाही, डबे सरकवा, ओलं पातेलं ठेवा, वाळवी नाही, फुगणं नाही. एक सांगून ठेवतो, एकदम काळाभोर ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या फडक्याला थिनर लावून घासून बघा, फडकं काळं झालं तर वरून रंग मारलेला आहे, दुसरीकडे जा.

आता कोटा, ज्याच्यावर मी सगळ्यात खूश आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी सगळे खालीच येऊन पडतात, वरच्या टाइल्सपेक्षा पायाला गार लागतो हे पाहुण्यांनाही कळतं. हिवाळ्यात मात्र सकाळी सहाला पाय टेकवत नाही, आईला गुडघ्यांमुळे घरात सपाता घालाव्या लागतात, तेव्हा घरात म्हातारी माणसं असतील तर याचा विचार आधी करा. धूळ दिसत नाही, केस दिसत नाहीत. मुलानं लोखंडी खेळण्यानं एक चरा पाडलाय, तो दिसतो पण टाइलचा टवका उडाल्यावर खालचा वेगळा रंग दिसतो तसं काही नाही, दगड आतपर्यंत तोच आहे. पुढच्या घासाईत निघून जाईल.

आणि घासाईबद्दल जरा सविस्तर, कारण कोटा चांगला की वाईट हे खाणीत ठरत नाही, पॉलिशवाला ठरवतो असं माझं ठाम मत झालंय. फरशी बसवल्यावर खालचा वाळू-सिमेंटचा माल नीट सुकू द्यायचा, आम्ही तीन आठवडे थांबलो, मिस्त्री रोज विचारायचा कधी मशीन आणू. मग मशीनला घासायचा जाड नंबरचा (खरखरीत) दगड लावून आधी सगळी लेव्हल काढायची, मग सांधे पुन्हा भरायचे, मग एकेक नंबर वाढवत बारीक दगड. पॉलिशवाला मधले नंबर गाळायला बघतो आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड आणि मेण मारून चमकवून देतो, ती चमक दोन-तीन महिन्यांत उतरते. प्रत्येक नंबर झाला की फरशी धुवायला लावा आणि वाळल्यावर तिरप्या उजेडात बघा, गोल गोल ओरखडे दिसले तर पुढं जाऊ देऊ नका. घासाईचा तो करडा चिखल ड्रेनेजमध्ये सोडू देऊ नका, आत बसून दगड होतो. खर्चाचं म्हणाल तर कोटा स्वस्त म्हणून घेतात पण आमच्याकडे वाळू-सिमेंट, बसवणं आणि घासाई मिळून दगडाच्या किमतीच्या पुढं गेलं, तेव्हा नुसत्या दगडाच्या रेटवर हिशोब करू नका. आम्ही मिरर पॉलिश केलं नाही, थोडं अलीकडेच थांबवलं. ओल्या पायानं घसरत नाही, हा फायदा पावसाळ्यात कळला.

बाथरूमला मात्र चुनखडीतला कुठलाही दगड नको, ना जमिनीला ना भिंतीला. आमचं बोअरचं पाणी जड आहे. ते वाळलं की जो पांढरा थर राहतो तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे थर आणि दगड एकाच वस्तूचे, जे रसायन थर काढेल ते दगडही खाणार. बाजारातली बरीचशी बाथरूम साफ करायची लिक्विडं ॲसिडचीच असतात आणि काम करणाऱ्या मावशींना किती वेळा सांगणार. आमच्या बाथरूमला खाली लेदर फिनिश (चकाकी नसलेला, जरा खरखरीत) ग्रॅनाइट, भिंतीला सरळ टाइल्स. बाकी घरात बाटलीतलं ॲसिड, व्हिनेगर, लिंबाचं काहीही फरशीला लावायचं नाही, साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण, बास.

भिंतीचा जैसलमेर दिसायला फार सुंदर आहे, संध्याकाळी दिवा लावला की मस्तच. पण भिंतीवर दगड म्हणजे वजन. वीस मिलिमीटर जाडीचा दगड एका चौरस मीटरला पन्नास किलोच्या आसपास जातो, तो गिलाव्यावर नुसता चिकटवून चालत नाही. आमच्याकडे भिंतीला टाचे मारून (टोचून खरबरीत करून), पांढऱ्या ॲडेसिव्हनं बसवलाय (करड्या सिमेंटची छटा फिक्या दगडातून वर येते), आणि डोक्याच्या वरच्या रांगांना स्टेनलेसच्या पिना. बसवणाऱ्याला पिनांचं महत्त्व पटत नव्हतं, त्याच्या मते उगाच खर्च. माझ्या मते सोफ्यावर माणसं बसतात. ही भिंत आतली आणि कोरडी आहे म्हणून छान राहिली. साडूनं हाच दगड बाहेर पश्चिमेच्या भिंतीला लावला, तोही खडबडीत कपच्यांचा, पहिल्या पावसातच खाली लोणा फुटला, वर शेवाळ, आणि प्रत्येक कपचीवर धूळ. घरातही त्या कपच्या लावू नका, जाळी-जळमटं आणि मागे पालींचं कुटुंब.

पार्किंगच्या शहाबादीबद्दल फार काही नाही. जाडी कमीजास्त येते, बसवणाऱ्याचं डोकं फिरतं, काही फरशांचे पापुद्रे सुटायला लागलेत, पण गाडीखाली कोण बघतंय. गॅलरीच्या कडेला जिथं ऊन-पाऊस थेट येतो तिथं कोट्याचा हिरवा रंग उडून पांढुरका झालाय, बाहेर लावणार असाल तर हे धरूनच चला.

फ्लॅट असेल आणि जुन्या टाइल्सवरच दगड टाकायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. पंचवीस मिलिमीटरचा कोटा एका स्क्वेअर फुटाला सहा किलो आणि खालचा माल वेगळा. आणि फरशी घेताना सगळी एकाच ट्रकमधली घ्या, वर एक दहाबारा जास्तीच्या घेऊन जिन्याखाली उभ्या लावून ठेवा. दुसऱ्या खेपेला तोच हिरवा मिळत नाही, आमच्या देवघरातल्या दोन फरशा त्यामुळेच जरा निळसर आहेत.